पाचवी क्रेट

६ जानेवारी, मंगळवार

ऑफिसच्या वहीत मासे लिहायचे आणि या वहीत माणसं, असं ठरवलंय. ऑफिसच्या वहीत राग लिहायला रकाना नसतो.

आज बोरखळी धरणावर पहिला दिवस. चोपड्याच्या खोलीवरून पाचलाच स्कूटी काढली. सातपुड्याकडून असा गार वारा सुटला होता की हँडल धरलेली बोटं माझी आहेत की शेजारणीची तेही कळेना. सहाला नावा काठाला लागल्या. साठ-बासष्ट घरं पावरा आदिवासींची, सगळ्यांची मिळून एक मच्छीमार सोसायटी. पावसावरची शेती, मोह, चारोळी, आणि वर्षभर हात चालतो तो या धरणावर. आपसात पावरी बोलतात, माझ्यासारख्यांशी अहिराणी.

माझं काम सांगायला सोपं आहे. धरणातून निघणाऱ्या माशात कुठली जात किती, मोठा किती, बारका किती, याचा अंदाज काढायचा. रोज तीस-चाळीस क्रेट निघतात. सगळा मासा मोजत बसलं तर बर्फाची गाडी निघून जाईल. म्हणून थोड्या क्रेट निवडायच्या, त्या नीट मोजायच्या आणि त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. मी संख्याशास्त्रात एम.एस्सी., तेही पहिल्या वर्गात, म्हणजे मला काय अवघड!

आजवर हे लोटननाना करत होते. आमच्या मत्स्य खात्याच्या ऑफिसातले जुने माणूस, रिटायरमेंटला दीड वर्ष उरलंय. त्यांची पद्धत बघून मी कपाळावर हात मारला. क्रेटमधले वरचे चार मासे उचलायचे, "कटला, कटला, रोहू, मृगळ" म्हणायचं, वजन लिहायचं, चहा प्यायचा. अहो, वर मोठेच मासे दिसणार ना! बारका खाली सरकतो, एवढंही कळू नये?

"नाना, खालचं कोण मोजणार?"

"खाली हात घातला का काटा टोचतो मॅडम," नाना म्हणाले आणि हसले. मी हसले नाही.

सोसायटीच्या ठेक्यात अट आहे: अर्ध्या किलोच्या आतला कटला-रोहू वजनात शेकडा वीसच्या वर गेला तर ठेका रद्द. पिल्लंच ओढून काढली तर धरण दोन वर्षांत रिकामं होईल, म्हणून. नानांच्या अहवालात सहा वर्षं हा आकडा शेकडा तीन आहे. सहाही वर्षं तीन! मार्चपासून ठेका पुन्हा ठरणार आहे आणि बाहेरचा एक ठेकेदार टपून बसलाय म्हणतात. मला त्याचं काही नाही. मला खरा आकडा पाहिजे.

८ जानेवारी

नवी पद्धत सुरू. वरून मासे उचलणं बंद. अख्खी क्रेट ताडपत्रीवर ओतायची आणि त्यातला एकूणएक मासा मोजायचा. आणि क्रेट कुठली घ्यायची ते मी ठरवायचं नाही, नियमाने ठरवायचं, दर पाचवी. सुरुवात कुठून करायची त्यासाठी एक ते पाच अशा चिठ्ठ्या टाकल्या. पाच निघाला. मग पाच, दहा, पंधरा, वीस, रांगेत जशा येतील तशा. रोज हेच, म्हणजे कोणी म्हणायला नको की मॅडमनी आज वेगळं काही केलं.

क्रेट नावेजवळच भरतात. बायका मासा निवडतात, भरतात आणि पाण्यापासून मोजणीच्या ओट्यापर्यंत रांग लावतात. सोसायटीचे अध्यक्ष जामसिंगभाऊ मोठे सालस गृहस्थ आहेत, त्यांनी स्वतः ताडपत्री धरली. "तुम्ले जशी पाहिजे तशी मोजा मॅडम. आम्ही नही म्हननार नही."

एक बाई मात्र सारखी मागेमागे. सोनीबाई नाव, पन्नाशीची असेल. मी पाचवी क्रेट ओतली तशी ती धावतच आली, मोजून होईपर्यंत समोर उकिडवी बसली, आणि मोजून झाल्याबरोबर क्रेट भरून डोक्यावर घेऊन चालती झाली. विचारलं ना सांगितलं! दहावीचंही तेच. ही माझ्यावर नजर ठेवायला बसवलेली दिसते.

१३ जानेवारी

पाच दिवसांचे आकडे मांडले आणि दोनदा तपासले. पेन खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

शेकडा ७६.

अर्ध्या किलोच्या आतला! तळहाताएवढे रोहू, वीतभर कटला, विचारूच नका. नानांचे तीन, माझे शहात्तर. सहा वर्षं हा माणूस वरचे चार मासे उचलून अख्ख्या ऑफिसच्या डोळ्यांत धूळ फेकत होता आणि कोणी एकानेही क्रेट पालथी करून बघितली नाही. नीट केलं की एका आठवड्यात सगळं उघडं पडतं. राग आला, पण खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. मी बरोबर होते.

सोनीबाईचं आणखी एक लक्षात आलंय. मी ज्या क्रेट मोजते त्यांच्या कडीला लाल चिंधी बांधलेली असते. मी कुठल्या क्रेट घेते त्यावर खूण करून ठेवतात, म्हणजे लक्ष ठेवायला सोपं. हुशार आहेत. पण खूण करून माझं काय बिघडणार? मी नियमाने चालते.

१५ जानेवारी, एरंडोल

संक्रांतीला घरी. आमचं घर माळकरी. आबांच्या गळ्यात तुळस, आणि लेक मासे मोजते! आईने मागच्या दारी बादली, साबण आणि धुतलेला ड्रेस आधीच काढून ठेवला होता. "आधी तठेच अंगोय कर. मासास्ना वास येस." अंघोळ केली तरी तिने माझे केस हुंगून बघितले.

तिळगूळ देताना आबांना सगळं सांगितलं. तीन आणि शहात्तर. आबा शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी विचारलं, "पिशवीतले तांदूळ बघायला तू मूठ रोज एकाच कोपऱ्यातून भरतेस का?"

"कोपरा नाही आबा, दर पाचवी क्रेट."

"हं," म्हणाले आणि तिळगूळ चघळत बसले. आबांना शेवटचा शब्द आपला लागतो, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

२० जानेवारी

आज सोनीबाई बोलली. मोजणी संपल्यावर पदराने हात पुसत म्हणाली, "मॅडम, आमनं नाव लिखी लिधं का?"

म्हटलं, नावं नाही लिहीत, मासे लिहिते.

"मासाबी लिखा. पन नाव बी लिखा. सात नावे शेतस."

मी म्हटलं बघू. सात जाती मी ओळखते, तिने सांगायला नको. तरी आजची पाचवी क्रेट तोंडापर्यंत भरलेली होती, वर आणखी ओंजळभर मासा रचलेला. रचणारी सोनीबाईच, आणि रचून माझ्याकडे बघून हसलीसुद्धा. आज शेकडा ८३ आला. ही बाई मला मदत करतेय की वेडी आहे, देव जाणे.

२२ जानेवारी

अहवाल लिहून संपवला. चौदा दिवस, अठ्ठ्याण्णव क्रेट, सरासरी शेकडा ७८. सोबत नव्या पद्धतीवर तीन पानं आणि जुन्या पद्धतीवर दीड. दीड पानात नानांचं नाव कुठे घेतलं नाही, पण ज्याला कळायचं त्याला कळेल.

नानांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मला वाटलं आता भडकतील. ते म्हणाले, "मॅडम, पाठवायच्या आधी एकदा त्या बायांशी बोला. क्रेट कोण भरतं, कशी भरतं, ते विचारा."

"तुम्ही विचारलं होतं का सहा वर्षांत?"

नाना "नाही," म्हणाले. मी दुपारी धुळ्याच्या ऑफिसात साहेबांना मेल करून टाकला.

२८ जानेवारी

साहेबांचा फोन! स्वतः साहेब. "ज्योत्स्ना मॅडम, असं काम मी या खात्यात बघितलं नाही. तुमच्या कंत्राटाची मुदत फेब्रुवारीअखेर संपते ना? पुढचं बघतो मी." मग म्हणाले, सोसायटीला नोटीस काढलीय. चोवीस फेब्रुवारीला धुळ्यात सुनावणी, त्यात ठेका रद्द करण्यावर निर्णय. मी हजर राहून आकडे मांडायचे.

नोटीस निघणार हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. अट मीच वाचली होती. तरी फोन ठेवल्यावर ती अट पुन्हा काढून वाचली. मग स्वतःलाच म्हटलं, पिल्लं ओरबाडायला मी सांगितलं नव्हतं.

३१ जानेवारी

हे आजच लिहायला पाहिजे.

सकाळी ओट्यावर गेले. नावा आल्या, क्रेट आल्या, रांग लागली. ताडपत्री धरायला कोणी उठलं नाही. मी एकटीने पसरली, वारा ती उडवत होता. जामसिंगभाऊ नोटीस हातात घेऊन आले. आवाज चढवला नाही त्यांनी, चढवला असता तर बरं झालं असतं.

"मॅडम, सहा साल तीन. आते अठ्ठ्याहत्तर. आमी एवढा पाप करं का?"

मी सांगायला लागले की मी निवडत नाही, नियम निवडतो. दर पाचवी क्रेट.

तेवढ्यात सोनीबाई पुढे आली. "तेच इचारनं शे माले. तुमी आमनी पाचवीच काबरं मोजतस? बाकीन्या चार काबरं नही?"

"आमची म्हणजे?"

तिने लाल चिंधीवर हात ठेवला. "हाई सातघरनी शे."

मग जामसिंगभाऊंनी सांगितलं, मधूनमधून सोनीबाईने. नऊ वर्षांपूर्वी श्रावणात नाव उलटली. सात जण गेले. सात घरांत बाया आणि पोरं उरली, नाव चालवणारा नाही. सोसायटीने ठराव केला की रांगेतली दर पाचवी क्रेट सातघरांची. त्यांच्याकडे बर्फ नाही, गाडी नाही, म्हणून मोठा मासा त्यांच्या कामाचा नाही. तो एका दिवसात नासतो. त्यांना पाहिजे बारका, खडकावर वाळवून बाजारात नेता येतो तो. म्हणून आधीच्या चार क्रेट भरताना जो बारका निघेल तो बाजूला पडतो, आणि पाचवीत जातो. जवळजवळ सगळाच.

पाच, दहा, पंधरा, वीस. तेवीस दिवसांपूर्वी चिठ्ठीत पाच निघाला आणि मी तो धरून बसले. अठरा दिवस मी सातघरांची क्रेट मोजली, आणि त्या एका क्रेटवरून पाचही क्रेटचं सांगितलं.

"आमले वाटनं, मॅडम सातघरनी मोजनी करी राहिन्यात," सोनीबाई म्हणाली. "काही योजना-बिजना ई. म्हनी आमी भरी भरी टाकं."

तिचा नवरा त्या नावेत होता. सात नावं लिहून घ्या म्हणाली होती ती, आणि मला त्या माशांच्या जाती वाटल्या होत्या.

मी म्हटलं, "चूक माझी आहे." जामसिंगभाऊंनी मान हलवली आणि नोटीस घडी करून खिशात ठेवली.

१ फेब्रुवारी

आबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुठीचं मी तुला सांगितलं होतं." मग, "जेवलीस का?" नव्हते जेवले.

२ फेब्रुवारी

साहेबांना सांगितलं.

"म्हणजे अहवाल चूक?"

"मोजणी बरोबर आहे साहेब. निवड चूक आहे."

"मॅडम, मी हा वर पाठवलाय. तुम्हाला कळतंय का काय बोलताय? तुमच्या मुदतवाढीचा कागद टेबलावर पडलाय."

म्हटलं, कळतंय. सुनावणीला तीन आठवडे आहेत, मी पुन्हा मोजते आणि तिथे उभी राहून दोन्ही आकडे सांगते. चूक कशी झाली तेही सांगते. ते म्हणाले, "लेखी द्या." दिलं. एका पानात मावलं. स्वतःच्या नावाने लिहिलं, नानांबद्दलच्या दीड पानाएवढी घाई या वेळी झाली नाही.

नानांची माफी मागितली. म्हणाले, "राहू द्या हो. मीही विचारलं नव्हतंच." आणि उद्यापासून गमबूट घालून धरणावर येतो म्हणाले.

४ फेब्रुवारी

या वेळी आकडा रोज नवा, आणि काढणारी मी नाही. आबांनी आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाचा हाउजीचा डबा एसटीने पाठवलाय. प्लास्टिकच्या नव्वद गोट्या, प्रत्येकीवर आकडा. जितक्या क्रेट येतील तितक्या आकड्यांच्या गोट्या पिशवीत टाकायच्या, सगळ्यांसमोर हलवायची, त्यातून सहा काढायच्या. ज्या निघतील त्या क्रेट ओतायच्या, पाचवी असो की सातवी.

"काढनार कोन?" जामसिंगभाऊंनी विचारलं.

म्हटलं, सोनीबाई. ती लाजली, पदरात तोंड लपवून हसली, आणि मग अशी हात घालून बसली की सगळ्या बाया ओरडायला लागल्या, "काढ ना वं! अंडं उबाडी राहिनी का?" पहिला निघाला बावीस.

८ फेब्रुवारी

बाया आता ताडपत्रीवर माझ्याआधी बसतात. कटला इकडे, रोहू तिकडे, अर्ध्या किलोच्या आतला वेगळा. एखादा मासा काठावरचा असला की नाना काटा धरतात आणि सगळ्या माना काट्यावर झुकतात. पाचशे दहा ग्रॅम भरला की टाळ्या. चारशे नव्वद भरला की नानांनाच शिव्या.

नाना सगळा वेळ उभे. मी म्हटलं बसा, तर म्हणाले सहा वर्षं बसलोय.

१४ फेब्रुवारी

नऊ दिवस झाले. शेकडा १८.७.

हा आकडा मी कोणाला सांगितलेला नाही, पण चेहऱ्यावर दिसत असणार. जामसिंगभाऊ म्हणाले, "मॅडम, भोंगऱ्याले येनं पडी तुम्ले." होळीच्या आधीचा बाजार त्यांचा, आठवडाभर ढोल. म्हटलं, आधी सुनावणी.

खरं लिहायचं तर मला आता आकडा वीसच्या आत हवाय. सहा जानेवारीला लिहिलं होतं, मला त्याचं काही नाही, खरा आकडा पाहिजे. ते वाक्य वाचून मान खाली गेली. असा आकडा हवासा वाटणाऱ्या माणसाच्या हातात काटा देऊ नये, म्हणून वजन सगळं नानांच्या आणि बायांच्या हाती ठेवलंय. मी फक्त लिहिते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

शेवटचा दिवस. मोजणीचा पंधरावा. काल रात्रीपर्यंत चौऱ्याऐंशी क्रेट, शेकडा २०.२. आज सहा, की नव्वद पूर्ण.

अडतीस क्रेट आल्या. सोनीबाईने पाच गोट्या काढल्या. तीन, सतरा, एकवीस, अकरा, छत्तीस. एकही पाचवी नाही, बारका अगदी थोडा, सरासरी उतरून १९.४ वर आली. लोक सुटल्यासारखे बोलायला लागले. नानांनी तंबाखूची पुडी बाहेर काढली.

सहावी गोटी. पस्तीस.

सोनीबाईने ती उलटीसुलटी करून बघितली. तिला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. रांगेत पस्तिसावी क्रेट लाल चिंधीची. ती ओतली की काय होणार ते मला मनातल्या मनात लगेच दिसलं, वीसच्या वर. थोडंसंच, पण वर.

जामसिंगभाऊ हळूच म्हणाले, "हाई परत टाक पिशवीमा. दुसरी काढ. कोन देखी राहिना?"

आणि मला, देवाशपथ, काहीही बोलावंसं वाटलं नाही. मी वहीत बघत राहिले. पेनाचं टोपण लावलं, काढलं. साठ घरांचं धरण, आणि एक गोटी. शेवटी मी म्हटलं, "भाऊ, निघाला तो निघाला." आवाज माझा मलाच ऐकू आला नाही.

सोनीबाईने गोटी माझ्या वहीवर ठेवली. "आज हाऊ आकडा बदला, तं मंग पहिलाबी बदलेल शेतस असं म्हनतीन त्या," ती जामसिंगभाऊंना म्हणाली. "मंग बठ्ठंच गयं." सगळंच जाणार होतं, खरंच. ती उठली, चिंधी सोडून कमरेला खोचली आणि आपल्या हाताने आपली क्रेट ओतली. तीस किलोत सव्वीस बारका.

शेकडा २०.१.

मी तीनदा मांडून बघितलं. तिन्हीदा तेच.

जामसिंगभाऊ नावेपाशी जाऊन बसले. आज मी चिडले नाही, रडले. सोनीबाईने पाठीवर हात ठेवला आणि मासळीच्या हाताने माझे डोळे पुसले. मग तिखट डोळ्यांत गेल्यासारखे डोळे चुरचुरले आणि ती हसायला लागली, मग मीही.

२४ फेब्रुवारी, धुळे

सुनावणी झाली. साहेब, दोन अधिकारी, ठेकेदाराचा माणूस कडक इस्त्रीत. आमच्याकडून जामसिंगभाऊ, सोनीबाई, नाना. सोनीबाईने हाउजीची पिशवी सोबत आणली होती, का ते विचारलं तर म्हणाली, "दखाडनं पडी," म्हणजे दाखवावं लागेल.

साहेब म्हणाले, मांडा. मी उभी राहिले. आधी म्हटलं की अठ्ठ्याहत्तर हा माझा आकडा चूक आहे, आणि कसा चुकला ते सांगितलं. सातघरं, लाल चिंधी, माझी चिठ्ठी, सगळं. मध्येच ठेकेदाराचा माणूस हसला. मग नवी पद्धत, नव्वद क्रेट, शेकडा २०.१.

"म्हणजे वीसच्या वरच की!" तो माणूस म्हणाला.

"नव्वद क्रेटचा अंदाज आहे. खरा आकडा चौदापासून सव्वीसपर्यंत कुठेही असू शकतो," मी म्हटलं. "वीसच्या आत की बाहेर, हे एवढ्यावरून मी सांगू शकत नाही. काठावर आहे, आणि काठावर असणं चांगलं नाही, हेही खरं. अठ्ठ्याहत्तर मात्र खोटं आहे. आणि तीनसुद्धा."

साहेबांनी विचारलं, "तीन कोणाचं?"

नाना उठले. "माझं साहेब. मी वरवरचे मासे मोजत होतो." आणि बसले.

जामसिंगभाऊंना विचारलं, तुमचं म्हणणं काय? ते म्हणाले, बारीक आसाची, लहान भोकांची जाळी आहेत सोसायटीत, अकरा. ती आम्ही काढून टाकतो. पिल्लू त्यातूनच येतं. साहेबांनी लिहून घेतलं. मग सोनीबाईकडे बघत म्हणाले, "पण मग या बायकांना बारका मासा कुठून मिळणार?"

मला हे सुचलंच नव्हतं. आकडा खाली आणायचा तर सातघरांची क्रेट रिकामी होणार, एवढी साधी गोष्ट! मी जामसिंगभाऊंकडे बघितलं.

"पाचवी तं राहीच साहेब," ते म्हणाले. "तीमा मोठा मासा टाकसूत."

निर्णय असा: ठेका एक वर्ष चालू. बारीक जाळी बंद. दर महिन्याला याच पद्धतीने मोजणी, वर्षभराची सरासरी वीसच्या आत आली नाही तर रद्द. साहेब कागद बंद करताना म्हणाले, "आता प्रश्न असा की मोजणार कोण. मॅडमची मुदत शनिवारी संपते." माझ्याकडे न बघता म्हणाले. मुदतवाढीच्या कागदाचं काय झालं ते मला कळलं. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण अनपेक्षित नव्हतं.

सोनीबाईने पिशवी टेबलावर ठेवली, गोट्या खडखडल्या.

"आमी मोजसूत," ती म्हणाली. "लोटननाना लिखी."

नाना म्हणाले, "लिहीन."

२८ फेब्रुवारी, शनिवार

ताडपत्री, काटा, वही, सगळं नानांच्या ताब्यात दिलं. वहीच्या पहिल्या पानावर सात नावं लिहिली, सोनीबाईने सांगितली तशी, एकेक. शेवटचं तिच्या नवऱ्याचं, लखन. नाना म्हणाले ऑफिसच्या वहीत हे कशाला? म्हटलं, पहिला रकाना त्यांचाच आहे.

बारीक जाळी परवाच गोळा करून सोसायटीच्या खोलीत कुलपात टाकलीत. आज एकोणतीसच क्रेट आल्या, जाळ्याबरोबर मासाही कमी झाला. एक-दोन घरं कुरकुरत होती, ते दिसत होतं. सोनीबाईने पिशवी हलवली. पहिलीच गोटी निघाली दहा. लाल चिंधी.

सगळे थांबले. मी आता कोणी नव्हते, तरी सवयीने पुढे झाले. वर दोन मोठे कटला होते, चकचकीत. वर मोठेच असतात, मला कोणी शिकवायला नको. ओतायची वाट न बघता मी बाह्या सरसावल्या आणि हात सरळ तळापर्यंत घातला.

खालीही कटला. त्याच्या खालीही कटला. पार तळाशी दीड-दीड किलोचे रोहू, रचून ठेवलेले. मी वर बघितलं तर जामसिंगभाऊ दुसरीकडे बघत होते आणि सोनीबाई कुरकुरत होती की एवढा मोठा मासा कापून वाळवायला दोन दिवस जातील, मीठ वेगळं, यांना काय कळतं!

हात बाहेर काढला तेव्हा करंगळीतून रक्त येत होतं. सोनीबाईने लाल चिंधीचा तुकडा फाडून बोटाला बांधला.

नाना खरं सांगत होते, काटा टोचतो.